तुळशीरामचे तेवीस दिवस

सातवीच्या वर्गात मी फुलाचे भाग शिकवत होतो. फळ्यावर जास्वंद काढून झालं होतं, पुंकेसर दाखवायचे राहिले होते, तेवढ्यात मुलांच्या माना दाराकडे वळल्या. दारात आमच्या गावचा बुधाकाका उभा होता. मासे धरणाऱ्या धिवरांच्या वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, जंगलात माझ्या बालमित्राच्या, तुळशीरामच्या शेजारी रेशमाचा कोसा करणारा. बाजाराच्या दिवसाखेरीज तो इथं मूल गावी कधी येत नाही, आणि तो दिवस बाजाराचा नव्हता. पागोटं डोक्यावर नव्हतं, हातात होतं. "मास्तर," तो म्हणाला, "तुळशीराम गेला जी. चार दिस झाले. ताप भरला होता... वैद्याले आणेपर्यंत आटोपलं." मी त्याला व्हरांड्यात बसायला सांगितलं आणि परत फळ्याकडे वळलो. पुंकेसर दाखवले, स्त्रीकेसर दाखवला, परागकण कसे पडतात तेही सांगितलं. एका मुलानं शंका विचारली, तिचं उत्तर दिलं. घंटा झाल्यावर बाहेर आलो तेव्हा बुधाकाका माझ्याकडे असा पाहत होता की मला माझीच लाज वाटली. रडू आलं ते पाचव्या दिवशी, दाढी करताना, अर्ध्या गालाला साबण असताना.

त्याला आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्यावर असं लिहून येतं ती माणसं काहीतरी करून गेलेली असतात. कोणी शाळा काढलेली असते, कोणी तुरुंगात जाऊन आलेलं असतं. तुळशीरामनं चांद्याची कारकुनी सोडली आणि जंगलात जाऊन किडे राखले, एवढंच केलं. गावानं त्याचा निकाल कधीच लावून टाकला होता, डोक्यावर परिणाम झाला म्हणून. हे वाक्य चारचौघांत सगळ्यांत आधी कोण बोललं असेल तर मीच. म्हणून हे लिहायला बसलो आहे. दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि लिहिलं तरी त्यात माझा भाग येणार नाही.

आम्ही सावलीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आमचं घर कुणब्याचं, धानाचं. त्याचं घर तळ्याच्या काठचं. त्याचा बाप पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कोसा करायला जंगलात जाई, बाकीचे दिवस मासे धरी. तुळशीराम अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होता, हे आता सांगायला हरकत नाही. पण त्याला स्वतःचं असं काही मागताच येत नसे. आमच्या गुरुजींनी एकदा वर्गात सगळ्यांना विचारलं, मोठेपणी काय व्हायचं? कोणी पोलिस म्हणालं, कोणी मोटर चालवणार म्हणालं. मी मास्तर म्हणालो. तुळशीरामची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा म्हणते ते, जी." वर्ग हसला. गुरुजीही हसले. मला मात्र त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. एक अख्खा माणूस आपल्या हाती आला आहे, असं काहीतरी. पुढं व्हर्नाक्युलर फायनल झाल्यावर त्याचा नोकरीचा अर्ज मीच लिहिला. सही तेवढी त्यानं केली.

पहिल्या निवडणुकीच्या आधीच्या वर्षी तो चांद्याच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागला. मी तिथल्याच शाळेत होतो. पठाणपुऱ्याच्या वेशीजवळ आम्ही एक खोली घेतली. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती, हे मला तेव्हा कळलं नाही. सकाळी चूल पेटवायचं काम त्याचं, भाजी चिरायचं माझं. संध्याकाळी इरई नदीच्या काठापर्यंत फिरून यायचो. बोलायचो मी, ऐकायचा तो. त्याचं अक्षर इतकं सुरेख की साहेबांचे कागद खास त्याच्याकडे येत. गावात त्याच्या बापाला लोक "बाबूचा बाप" म्हणू लागले होते, आणि मूलच्या एका घरून सोयरीकही आली होती. सगळं कसं रुळावर होतं. एकदा बाजारात मी त्याला विचारलं, आज कोणती भाजी घेऊ? तो म्हणाला, तुले जे पाहिजे ते. त्या दोन वर्षांत त्याला कोणती भाजी आवडते हे मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलंही नाही.

मग त्याचा बाप वारला. श्रावण होता, किडे झाडांवर होते. कोसा म्हणजे रानातलं रेशीम, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते करताना माणसाला काय पाळावं लागतं, ते ठाऊक नसतं. अंड्यातून निघालेले किडे येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर सोडायचे, पाला संपला की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायचे, आणि ते कोष बांधेपर्यंत महिना-दीड महिना पाखरं, मुंग्या, वानरं हाकलत तिथंच राहायचं. तेवढे दिवस घरी जायचं नाही. डोक्याला तेल नाही, दाढी नाही, मासोळी नाही, मटण नाही. आपल्या हातानं रांधून खायचं. झाडांच्या कडेला बांबूची आडवी काठी बांधतात, ती हद्द. तिच्या आत दुसऱ्या माणसानं पाय ठेवायचा नाही. नेम मोडला तर किडे मरतात, असं धिवर मानतात. बापाच्या जागी बसायला घरात दुसरं कोणी नव्हतं. तुळशीरामनं महिन्याची रजा काढली आणि गेला.

परत आला तेव्हा दाढी वाढलेली, अंग निम्मं झालेलं. मी कौतुकानं झुणका केला. त्यानं जेवताना मान वर केली नाही. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "वासू, तिथी रानात दुपारच्याला एकदम चूप असते. किड्यायची लीद वाळल्या पानावर पडते, त्याचा आवाज येते... टप, टप. तेवढाच." मी म्हटलं, बरं मग? तो म्हणाला, "काई नाई. मले कोणी काई विचारत नोतं." मी हसलो. कचेरीत फार छळतात का रे, असं काहीतरी बोललो. तो बोलायचा थांबला. पुढचे कित्येक महिने तो खोलीत असूनही नसल्यासारखा होता. चूल पेटवायचा, कागद लिहायचा, सगळं पूर्वीसारखं. पण इरईच्या काठावर मी बोलायला लागलो की त्याचं लक्ष पलीकडच्या झाडांत असे, आणि मला राग येई. आपल्या हातातलं काहीतरी सुटत चाललं आहे, एवढं मला समजत होतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्यानं पुन्हा रजा काढली, आणि पोळा झाल्यावर तिसऱ्यांदा. ही बिनपगारी. कचेरीतल्या बडे बाबूंनी मला बोलावून सांगितलं, तुमच्या दोस्ताला समजवा, सोमवारी हजर झाला नाही तर नाव कमी होईल. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी शनिवारी गावी गेलो, न्हाव्याकडून दाढी केली, मायनं डोक्याला खोबरेल थापलं आणि तुळशीरामसाठी झिंग्यांच्या चटणीचा डबा दिला. डोंग्यातून वैनगंगा ओलांडली आणि दोन कोस जंगल तुडवत दुपारी त्याच्या झाडांशी पोचलो. हे सगळं सविस्तर सांगतो कारण यातली एकही गोष्ट मला तेव्हा खटकली नाही. मी तिथल्या गावात जन्मलो, हा नेम लहानपणापासून ऐकलेला. तरी नेमकं जे जे नेऊ नये ते ते घेऊन मी निघालो होतो.

त्यानं लांबूनच हात वर केला. "वासू, तिथीच थांब गा."

"काऊन? मी का वाघ होय?"

"तू तेल लावून आला. दाढी केली. अन् त्या डब्यात झिंगे हायेत, मले वास येऊन राह्यला." तो हसत होता. मी त्याला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. "मायले सांगजो, किड्यायनं कोसे बांधले का येतो खायाले."

मी हद्दीच्या काठीशी उभा होतो, तो वीसेक पावलांवर, हातात पाखरांवर खडे मारायची गुलेर. बसायला काही नव्हतं, खाली सगळा चिखल. आम्ही तसेच उभ्यानं, ओरडून बोललो. मी सोमवारचं सांगितलं. त्याला माहीत होतं. मी मूलच्या सोयरिकीचं सांगितलं, नोकरी गेली तर ती मोडेल. तेही त्याला माहीत होतं. "मालूम हाये अन् इथी पाखरं हाकलून राह्यला?" मी ओरडलो. "तुले पाहिजे तरी काय? सांग तं खरं एकदा!"

लहानपणापासून असा प्रश्न आला की तो माझ्या तोंडाकडे पाही. त्या दिवशी पाहिलं नाही. खाली जमिनीकडे पाहत राहिला, कितीतरी वेळ. मग म्हणाला, "पाहून राह्यलो. अजून दिसलं नाई."

मला ते सहन झालं नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्यानं "मला नोकरी नको" असं म्हटलं असतं तर मी वाद घातला असता, आणि जिंकलोही असतो. पण तो माझ्याशिवाय शोधत होता. मी काठी ओलांडली, तरातरा आत गेलो आणि त्याचं मनगट धरलं. "चल," म्हटलं. त्यानं हात सोडवून घेतला नाही. तो फक्त माझ्या पायांकडे पाहत होता, आतल्या जमिनीवर उमटलेल्या पावलांकडे. त्याचा चेहरा एवढा उतरला की माझी पकड आपोआप सुटली. मी डबा घेऊन बाहेर आलो, आणि मागं न पाहता नदी गाठली.

दहा दिवसांनी त्याचे किडे मेले. उलटे लटकले, काळे पडले, सगळ्या झाडांवर. मला बुधाकाकाकडून कळलं. आता मी शास्त्र शिकवणारा माणूस. किड्यांना रोग होतो, त्या वर्षी उघडीप नव्हती, ओल फार होती, शेजारच्या गावीही असंच झालं होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी स्वतःला रोज सांगत होतो. तरी मन काही मानेना. डोक्याला तेल लावायला हात गेला की थांबायचा.

दिवाळीनंतर तो चांद्याला आला, आपली पेटी न्यायला. दाढी केलेली, तेल लावलेलं, अगदी पहिल्यासारखा. नोकरी गेली होती, सोयरीक मोडली होती, पीक बुडालं होतं. मला वाटलं, आता तरी रडेल, आणि मी त्याला समजावीन. पण तो पेटीवर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून बोलला.

"किडे मेले त्या दिशी मी गाठोडं बांधलं, वासू. घरी याचं, मंग चांद्याले याचं, बडे बाबूच्या पाया पडाचं... सारं ठरवलं. अन् मंग तसाच बसलो. दुसऱ्या दिशीबी बसलो. राखाले काईच नोतं. पाखरंबी येत नोते. तरी पिकाचे जेवढे दिस राह्यले होते तेवढे मी बसलो. तेवीस दिस. तेल नाई, मासोळी नाई, हातचा भात. सारं नेमानं केलं. मले वाटे, कोणासाठी करून राह्यलो मी हे? पह्यले वाटलं, बापासाठी. मंग वाटलं, लाज वाटते म्हणून जात नाई. एकेक पाहून पाहून बाजूले ठेवलं. शेवटच्याले काईच उरलं नाई... तवा समजलं."

"काय समजलं?"

"मले तिथीच राहाचं होतं. किडे तं निमित्त होतं गा."

एवढंच. मी वाट पाहत होतो की तो पुढं काही मोठं सांगेल, ज्याच्यासाठी इतकं सगळं घालवलं ते काहीतरी. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते मला बघवत नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे तुले माणसंच नको. सरळ सांग नं. मीबी नको." तो गडबडला. "तसं नाई गा..." म्हणाला आणि शब्द शोधू लागला. त्याला शब्द सापडायला नेहमीच वेळ लागे, आणि ते सगळ्या जगात मलाच ठाऊक होतं. तरी मी थांबलो नाही. "जा मंग," म्हणालो. "मी पुन्हा तुह्या हद्दीवर पाय ठेवनार नाई." त्यानं पेटी खांद्यावर घेतली. किडे कशानं मेले ते त्यानं काढलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्यामुळे मेले का रे? एवढे चार शब्द होते.

ते माझ्या घशात पाच वर्षं राहिले. मध्ये चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, माझी बदली मूलला झाली, लग्न झालं, मुलगी झाली. लोक म्हणत, मास्तरचं चांगलं जमलं, आणि खरंच जमलं होतं. पोळ्याला, सणावारी गावी जायचो. नदीपलीकडे दोन कोसांवर तो असे. गेलो नाही. आधी रागानं गेलो नाही, मग लाजेनं, आणि शेवटी नुसतीच सवय झाली म्हणून. एकदा सावलीच्या बाजारात तो दिसला, मीठ घेत होता. मी कापडाच्या दुकानाआड उभा राहिलो, तो जाईपर्यंत. त्यानं दुकानदाराला काहीतरी विचारलं, दोघं हसले. मग तो पिशवी घेऊन एकटाच नदीच्या वाटेला लागला. त्याची पाठ दिसेनाशी झाली तरी मी तिथं उभा होतो. दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे मास्तर? उगीच दोन हात मांजरपाट फाडून घेतलं.

आपल्याला काय हवं ते ओळखायला तुळशीराम रिकाम्या झाडांखाली तेवीस दिवस बसला. मी तेवीस मिनिटंही कधी बसलो नाही. मास्तर व्हायचं, हे मी नवव्या-दहाव्या वर्षी बोलून गेलो आणि पुढं ते निभावलं. त्यात दुःख नाही. पण गेल्या पाच आठवड्यांत मुलांच्या वह्या तपासताना मध्येच हात थांबतो. घर भरलेलं असतं, स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात, आणि मला इतकं एकटं वाटतं की कोणाला सांगताही येत नाही.

मागच्या रविवारी मी बुधाकाकाला घेऊन तिकडे गेलो. तुळशीराम गेला तेव्हा किडे कोष बांधत होते. ते पीक बुधाकाकानंच उतरवलं, आपलं आणि त्याचंही. आता झाडं मोकळी होती, नेमाचं काही उरलं नव्हतं. "आत या जी," बुधाकाका म्हणाला, "आता कायची हद्द?" माझा पाय उचलेना. मी बाहेरच उभा राहिलो, आणि तेव्हा ते दिसलं. हद्दीच्या अलीकडे, एका मोहाच्या झाडाच्या सावलीत, बांबूचा एक ओटा बांधला होता. चार खुंट, वर चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, येनाच्या सालीनं आवळलेल्या. पट्ट्या अजून पिवळ्या होत्या, याच मोसमातल्या. त्याच्या पायाशी जुने, वाळवी लागलेले खुंट पडले होते, बरेचसे. मी विचारलं, हे काय?

"बसाचं," बुधाकाका म्हणाला. "तुमच्यासाठी केलं त्यानं. दरसाली नवं बांधे, बांबू टिकत नाई न जी. मी एकदा म्हणलं, काऊन बांधतं बापा, मास्तर तं येत नाई. तं मले म्हणे, तो येईल तवा का उभाच राहील?"

मी विचारलं, मेलेल्या किड्यांबद्दल तो कधी काही बोलला का? बुधाकाकाला आधी कळेचना, कोणते किडे. मग आठवलं. "त्याचं काय बोलाचं?" तो म्हणाला. "पाऊस होता नं त्या साली."

मी बसलो. ओटा एका माणसापुरताच होता, आणि मला बरोबर झाला. समोर, हद्दीच्या आत, त्याच्या राखणीच्या खोपटाचं दार होतं. दारातला माणूस मोठ्यानं न बोलताही इथं ऐकू यावा, एवढ्याच अंतरावर. त्यानं माझ्यासाठी जागा अशी नेमकी मोजली होती, की त्याचाही नेम मोडू नये आणि मलाही ओरडावं लागू नये. माणसं नकोत असं त्याचं कधीच नव्हतं. त्याचे शब्द सापडेपर्यंत मी थांबलो असतो तर त्यानं हेच सांगितलं असतं. आणि मला काय हवं होतं, तेही मला तिथंच कळलं. फार काही नव्हतं. इथं बसायचं होतं, आणि तो समोर हवा होता. ते पाच वर्षं दर मोसमाला नवीन बांधून तयार असायचं, वैनगंगेपलीकडे दोन कोसांवर.

बुधाकाका खाली पडलेले जुने खुंट गोळा करून एका बाजूला रचत होता. मग बुधाकाकानं विचारलं, "मास्तर, पानी आणू काय?" मी हो म्हणालो. तो तांब्या घेऊन ओढ्याकडे गेला आणि मी त्या उघड्या दाराकडे पाहत बसून राहिलो.